अवधान वळवणारा कोण? एका कळफलकाच्या निमित्ताने

एका मेजावर दोन संगणक आणि त्यांच्यासमोर एकच कळफलक, अशी मांडणी आज कार्यालयांत, प्रयोगशाळांत आणि घरातून काम करणाऱ्यांच्या खोल्यांत सर्रास दिसते. ती शक्य होते ती के.व्ही.एम. स्विच नावाच्या लहान पेटीमुळे. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. पेटीच्या एका अंगाला माणसाचा हात आणि डोळा असतात, दुसऱ्या अंगाला दोन, चार किंवा आठ संगणक जोडलेले असतात, आणि कोणत्याही क्षणी त्यांपैकी एकाच संगणकापर्यंत हाताची हालचाल पोहोचते. बाकीचे संगणक त्या वेळी बंद नसतात. त्यांची कामे चालूच असतात, परंतु त्यांच्याकडे कोणी पाहत नसते. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी कळांचा जो ठरावीक संकेत दाबावा लागतो त्याला हॉटकी म्हणतात, आणि कळांची अशी मालिका एकदा लिहून ठेवून ती पुढे एकाच कळीने घडवून आणण्याच्या सोयीला मॅक्रो म्हणतात. हा विषय वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु असा मॅक्रो लिहायला बसणाऱ्याला ज्या अडचणी क्रमाने येतात त्या भारतीय दर्शनांनी फार पूर्वी मांडलेल्या एका प्रश्नाजवळ नेतात. लक्ष एका विषयावरून दुसऱ्या विषयावर वळते तेव्हा ते वळवणारा कोण, आणि तो कोठे शोधावा, हा तो प्रश्न होय.

न्यायदर्शनाने मनाची कल्पना मुळात याच कोड्याच्या उत्तरासाठी केली. डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाचही इंद्रिये एकाच वेळी आपापल्या विषयांशी जोडलेली असतात, तरीही पाच ज्ञाने एकदम उपजत नाहीत. वाचनात गढलेल्या माणसाच्या कानावर हाक पडूनही त्याला ती ऐकू येत नाही. यावरून गौतमाच्या न्यायसूत्रांनी असे अनुमान केले की आत्मा आणि इंद्रिये यांच्यामध्ये मन नावाचे आणखी एक साधन असले पाहिजे, ते अणुपरिमाण, म्हणजे अत्यंत सूक्ष्म असले पाहिजे, आणि म्हणूनच ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जात असले पाहिजे. प्रतिपक्षाने यावर शष्कुलीचा दाखला पुढे केला. तळलेली लांब, कुरकुरीत शष्कुली खाताना तिचा रंग, वास, चव, स्पर्श आणि कुरकुर या पाचही गोष्टी एकदमच कळतात, मग मन अणु कसे, असा त्यांचा आक्षेप होता. नैयायिकांचे उत्तर असे की तेथेही क्रम असतोच, पण तो इतका शीघ्र असतो की जाणवत नाही. जळते कोलीत वेगाने फिरवले की अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते, किंवा कमळाच्या शंभर पाकळ्यांच्या चळतीतून सुई एकदम आरपार गेल्यासारखी वाटते, त्यातलाच हा प्रकार होय. दोन संगणकांवर एकाच वेळी काम करण्याचा जो भास सरावलेल्या माणसाला होतो तोही याच जातीचा आहे. पेटीतली जोडणी कोणत्याही क्षणी एकच असते आणि भास उत्पन्न होतो तो पालटण्याच्या वेगाने.

हे साम्य मात्र फार ताणू नये. के.व्ही.एम. पेटी मनासारखी आहे असे म्हणणे सोपे आहे, परंतु खरे दार्शनिक महत्त्व आहे ते पेटीला आज्ञा कशी पोहोचते या प्रश्नाला. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ समोरच्या संगणकाकडे जाण्यासाठीच असते. मग तीच कळ संगणकासाठी नसून मधल्या पेटीसाठी आहे हे पेटीने ओळखावे कसे? त्यासाठी अशी खूण निवडावी लागते की जिला संगणकांच्या जगात जवळजवळ काही अर्थ उरलेला नाही. १९८१ सालच्या आयबीएम पीसीच्या कळफलकावर स्क्रोल लॉक नावाची कळ होती. आज तिचा उपयोग मोजक्याच ठिकाणी होतो, आणि नेमक्या याच कारणाने अनेक स्विच लागोपाठ दोनदा दाबलेली स्क्रोल लॉक आणि तिच्यामागून येणारा एखादा अंक हा स्वतःला दिलेला आदेश समजतात. तो आदेश पेटी स्वतःच गिळते, पुढे पाठवत नाही, त्यामुळे ज्या संगणकाकडून आपण निघालो त्याला निरोप मिळत नाही आणि ज्याच्याकडे आलो त्याला आगमनाची वर्दी मिळत नाही.

अशी खूण शोधण्याचा प्रश्न या पेट्यांहूनही जुना आहे. १९८१ मध्येच आलेल्या हेझ कंपनीच्या स्मार्टमोडेम या उपकरणात दूरध्वनीच्या तारेवरून मजकूर जात असताना खुद्द मोडेमला आज्ञा द्यायची झाली तर तीन अधिक चिन्हे पाठवावी लागत. परंतु ती तीन चिन्हे मजकुरातही कधीतरी येऊ शकतात, म्हणून त्यांच्या आधी आणि नंतर सुमारे एक सेकंद काहीही न पाठवण्याचा नियम करण्यात आला. चिन्हांभोवतीच्या त्या शांततेमुळेच मोडेमला कळत असे की हे बोलणे पलीकडच्या टोकासाठी नाही, ते आपल्यासाठी आहे. उपासनेच्या परंपरांत मौनाला जे स्थान आहे त्याचा एक अर्थ येथे अगदी यांत्रिक स्वरूपात स्पष्ट होतो: ज्या माध्यमातून सगळे व्यवहार चालतात त्याच माध्यमाकडे लक्ष वळवायचे असेल तर व्यवहाराचा ओघ काही काळ थांबवावा लागतो, कारण ओघात असताना माध्यमाला उद्देशून उच्चारलेला शब्दही ओघाचाच भाग ठरतो.

मॅक्रो लिहिणाऱ्याची पुढची अडचण अधिक बोधक आहे. विंडोज प्रणालीवर ऑटोहॉटकी नावाचे साधन २००३ पासून उपलब्ध आहे. त्यात एखाद्या कळीला हवी ती कळमालिका जोडता येते आणि ती मालिका जणू कोणी खरोखर टंकित करत असल्याप्रमाणे संगणकाला मिळते. साहजिकच पुष्कळांच्या मनात येते की याच साधनाने दोनदा स्क्रोल लॉक आणि एक अंक पाठवावा, म्हणजे पेटी आपोआप पालटेल. ती पालटत नाही. ऑटोहॉटकीने निर्माण केलेली कळ संगणकाच्या आत जन्मते आणि आतच संपते. पेटी असते संगणक आणि कळफलक यांच्या मध्ये, आणि कळांचा प्रवाह कळफलकाकडून संगणकाकडे असा एकाच दिशेने वाहतो. उलट दिशेने सामान्य कळफलकाकडे येते ते कॅप्स लॉकसारखे दिवे लावण्या-विझवण्यापुरते. म्हणून असा मॅक्रो लिहायचा तर तो पेटीच्या अलीकडे, म्हणजे हाताच्या बाजूला, कळफलकाच्याच आत लिहावा लागतो; क्यूएमके नावाची मुक्त आज्ञावली चालवणारे कळफलक ही सोय देतात, आणि त्यांच्यातला मॅक्रो कळ दाबणे, सोडणे, काही मिलिसेकंद थांबणे, पुन्हा दाबणे अशा तपशिलाने लिहिला जातो, कारण फार घाईने आलेले दोन ठोके काही पेट्यांना उमगत नाहीत.

पालटवण्याची शक्ती पालटल्या जाणाऱ्या संगणकांपैकी कोणातही नसते, हा येथला धडा आहे. जे पाहिले जाते त्याला पाहणाऱ्याकडे वळता येत नाही, आणि बोटाचे टोक त्याच टोकाला शिवू शकत नाही, हे दृष्टान्त अद्वैत वेदान्तातील साक्षीच्या, म्हणजे सर्व ज्ञानांचा अलिप्त द्रष्टा असलेल्या चैतन्याच्या विवेचनात वारंवार येतात. त्यांचा आशय या एकेरी तारेत डोळ्यांना दिसावा इतका मूर्त झाला आहे. मात्र याला एक अपवाद आहे आणि तो दडपून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पडद्याच्या तारेतून संगणक आणि मॉनिटर यांच्यात दुहेरी संभाषण होऊ शकते. डीडीसी-सीआय नावाच्या संकेतप्रणालीने संगणक मॉनिटरला आपली जोडणी सोडून दुसरी घेण्याची आज्ञा देऊ शकतो, आणि ती आज्ञा देणारा मॅक्रो ऑटोहॉटकीतही लिहिता येतो. परंतु काही मॉनिटर त्या क्षणी ज्या जोडणीकडे पाहत असतात तिच्याकडूनच आलेली आज्ञा मानतात, त्यामुळे तेथे पहिला संगणक दृष्टीला निरोप देऊ शकतो पण तिला परत बोलावू शकत नाही. परतीची आज्ञा दुसऱ्याने द्यावी लागते. विषय लक्षाला दूर ढकलू शकतो हे मान्य केले तरी, ज्याच्याकडे लक्ष नाही त्याने ते ओढून आणणे ही निराळी गोष्ट राहते.

बौद्ध विचारवंताला एवढ्याने आत्मा सिद्ध झाला असे वाटणार नाही, आणि त्याचा आक्षेप बळकट आहे. थेरवाद अभिधम्मात एका संपूर्ण इंद्रियज्ञानाची प्रक्रिया सतरा चित्तक्षणांत विभागलेली आहे. त्यांत भवंग नावाच्या पार्श्वचित्ताचा शांत वाहणारा प्रवाह आधी कंप पावतो, मग तुटतो, आणि त्यानंतर आवज्जन नावाचा एक क्षण येतो, ज्याचे काम एवढेच की चित्ताला डोळा किंवा कान अशा एखाद्या द्वाराकडे वळवावे. पाहणे, स्वीकारणे, तपासणे, ठरवणे हे क्षण त्यानंतर येतात आणि त्यांच्यामागून जवन नावाचे सात क्षण येतात, ज्यांत बऱ्यावाईट कर्माची निष्पत्ती होते. येथे वळण्याचा एक स्वतंत्र क्षण मानलेला आहे, पण वळवणारा मानलेला नाही. मागचा क्षण पुढच्याला कारण होतो आणि तेवढे पुरते. शिवाय आवज्जन ही केवळ क्रिया आहे, ती पुण्यही नव्हे आणि पापही नव्हे. बौद्धाच्या बाजूने बोलायचे तर कळफलकातला मॅक्रो हा त्याचाच साक्षीदार आहे: कळांची पाच पावले एकामागून एक पडतात, प्रत्येक पाऊल मागच्यामुळे पडते, आणि त्यांच्यामागे कोणी उभा आहे असे दाखवता येत नाही.

वैशेषिकांनी या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी लागणारी सामग्री बाणाच्या विवेचनात आधीच तयार ठेवली आहे. धनुष्यातून सुटलेल्या बाणाची पहिली गती प्रेरणेतून, म्हणजे नोदनातून येते आणि नंतरच्या गती त्याच बाणात उत्पन्न झालेल्या वेग नावाच्या संस्कारातून येतात. मॅक्रोची मधली पावले वेगाने घडतात हे खरे, परंतु पहिले दाबणे वेगातून आलेले नसते, आणि मॅक्रो लिहिणे तर त्याहून आधीचे असते. याच परंपरेतील प्रशस्तपादाने प्रयत्नाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक इच्छा किंवा द्वेष यांतून येणारा, आणि दुसरा केवळ जिवंतपणातून येणारा, जो झोपेत श्वासोच्छ्वास चालू ठेवतो आणि जागे होताना मनाची इंद्रियाशी गाठ घालून देतो. या दुसऱ्या प्रकाराची कबुली फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे अचानक झालेल्या आवाजाकडे आपसूक वळणारे लक्ष आणि ठरवून वळवलेले लक्ष यांत भेद करता येतो. स्विचांतही हा भेद आहे. काही स्विच नव्याने चालू झालेल्या संगणकाकडे आपणहून पालटतात, काही फक्त कळीची वाट पाहतात. मॅक्रो या दोहोंच्या मधली जागा घेतो. तो लिहिताना केलेला संकल्प ठरवून केलेला असतो, पण महिनाभराच्या वापरानंतर बोट ती कळ श्वासाइतक्याच नकळत दाबू लागते, आणि इच्छेतून आलेला प्रयत्न हळूहळू जिवंतपणातून येणाऱ्या प्रयत्नाच्या रांगेत जाऊन बसतो. आवज्जनाला कर्मफल नाही हे अभिधम्माचे मत म्हणूनच पूर्णपणे पटत नाही. वळण्याची सवय ज्याने लावून घेतली त्याच्यावर त्या सवयीचे उत्तरदायित्व काही अंशी तरी राहते.

वळण्यामागे काहीतरी उरते याचा सर्वांत ठसठशीत पुरावा एका दोषातून मिळतो, आणि ज्यांनी असे मॅक्रो लिहिले आहेत त्यांना तो दोष चांगलाच परिचित आहे. यूएसबी कळफलकाचा सर्वांत साधा अहवाल आठ बाइटांचा असतो. त्यात कंट्रोल, शिफ्ट यांसारख्या कळांची अवस्था आणि इतर जास्तीत जास्त सहा दाबलेल्या कळांचे क्रमांक असतात. कळ दाबल्याची वार्ता एका संगणकाला मिळाली आणि ती सोडण्याच्या आत जोडणी पालटली, तर सोडल्याची वार्ता दुसऱ्याकडे जाते; पहिला संगणक मात्र कंट्रोल कळ अजून दाबलेलीच आहे असे धरून बसतो. नेटवर्कवरून एकाच कळफलकाने अनेक संगणक चालवणाऱ्या सिनर्जीसारख्या साधनांतही हा दोष पूर्वीपासून ओळखीचा आहे. मग परत येऊन एखादे साधे अक्षर टंकले की ते अक्षर न उमटता भलतीच आज्ञा घडते. काळजीपूर्वक लिहिलेला मॅक्रो म्हणून निघण्यापूर्वी सगळ्या कळा सोडल्याचा रिकामा अहवाल मागच्या संगणकाला पाठवतो आणि मगच पालटतो.

मनाच्या बाबतीत असा रिकामा अहवाल पाठवता येत नाही, असे मानसशास्त्राच्या निरीक्षणांवरून दिसते. आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्ये दाखवले की दोन प्रकारची कामे आलटून पालटून करताना एकाच प्रकारचे काम सलग करण्यापेक्षा अधिक वेळ लागतो. १९९५ मध्ये रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी पुढे दाखवले की पालटण्यापूर्वी तयारीला पुरेसा अवधी दिला तर हा जादा खर्च घटतो, पण शून्य होत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये अवधानशेष ही कल्पना मांडली, म्हणजे मागे सोडलेल्या कामाकडे लक्षाचा काही अंश गुंतून राहतो आणि नव्या कामाला तेवढा कमी मिळतो. दाबलेली राहिलेली कळ आणि मागे राहिलेले लक्ष यांत एक फरक मात्र आहे आणि तो सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. कळ मागच्या संगणकात अडकते; लक्षाचा शेष मागे अडकत नाही, तो माणसाबरोबर पुढे येतो. म्हणजेच वळणाऱ्याजवळ काहीतरी असते जे वळूनही टिकते, आणि ते ओझे वाहणारा दोन्ही विषयांपासून निराळा असला पाहिजे. पेटीजवळ असे काहीच नसते. तिने पालटले की मागचे तिच्यापुरते संपते.

नैयायिकांनी आत्म्याच्या सिद्धीसाठी जो युक्तिवाद सर्वांत आधी मांडला तो याच दिशेचा आहे. जे डोळ्याने पाहिले त्यालाच त्वचेने स्पर्श केला, असे ज्ञान आपल्याला होते. डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि त्वचेला रूप कळत नाही, तेव्हा दोन्ही ज्ञाने जोडणारा या दोहोंहून वेगळा एक असला पाहिजे. पूर्वी पाहिलेले तेच हे, या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि बौद्धांशी झालेल्या दीर्घ वादात उदयनाचार्यांनी आत्मतत्त्वविवेकात तिचा कसून उपयोग केला. बौद्धांचे उत्तर कापसाच्या बीचे होते. बीला लाखेचा रंग दिला तर पुढे कापसात लाली उतरते, मधल्या सगळ्या अवस्थांतून कोणी एक टिकाऊ वस्तू प्रवास करत नसली तरीही. तसेच क्षणांच्या संतानात, म्हणजे अखंड चालणाऱ्या मालिकेत, मागच्याचा ठसा पुढच्यावर उमटतो. या वादाचा निर्णय कळफलकावरून लागेल असे समजणे भोळेपणाचे आहे. तरीही त्याच्या आधाराने एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो: जोडणारा कोणीतरी किंवा काहीतरी आहे आणि ते दोन्ही विषयांच्या व मधल्या पेटीच्या बाहेर आहे, एवढा न्यायाच्या युक्तिवादाचा पहिला भाग खरा मानावा, ते नित्य द्रव्यच आहे हा दुसरा भाग एवढ्याने सिद्ध होत नाही, आणि तेथे बौद्धाच्या संतानाला जागा राहते.

मराठी लिहिणाऱ्याच्या कळफलकावर हा पहिला भाग विशेष स्पष्ट होतो. कळफलक अक्षरे पाठवतच नाही. तो कळीच्या जागेचा क्रमांक पाठवतो, आणि त्या क्रमांकाचे अक्षर करणे हे संगणकाचे काम असते. ज्या कळीवर रोमन के छापलेले असते तिचा यूएसबी क्रमांक चौदा आहे. एका संगणकावर इंग्रजी मांडणी असेल तर चौदाचे के होते, आणि दुसऱ्यावर भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेली इन्स्क्रिप्ट मांडणी असेल तर त्याच चौदाचे क होते. या एकाच कळीच्या बाबतीत उच्चाराचा मेळ बसतो, एवढेच. शेजारच्या जे या कळीने तिकडे र उमटतो आणि एचने प. शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, हे नैयायिकांचे मत मीमांसकांना मान्य नव्हते, कारण त्यांच्या मते तो संबंध नित्य आहे. येथे मात्र निखळ संकेतच आहे आणि तो प्रत्येक संगणकाबरोबर बदलतो. पेटीला दोन्हींपैकी एकही संकेत ठाऊक नसतो, आणि प्रत्येक संगणकाला फक्त आपापला ठाऊक असतो.

इंग्रजी पत्र लिहून झाल्यावर मॅक्रोने पालटून मराठी लेखाकडे आलेल्या माणसाची बोटे पहिल्या दोनचार ठोक्यांपुरती पुष्कळदा इंग्रजीतच राहतात, आणि पडद्यावर निरर्थक अक्षरांची एक लहानशी रांग उमटते. या रांगेत चूक शोधू गेल्यास ती कोठेच सापडत नाही. कळफलकाने योग्य क्रमांक पाठवले, पेटीने ते योग्य जागी पोहोचवले, आणि संगणकाने आपल्या मांडणीप्रमाणे प्रत्येक क्रमांकाचे अचूक अक्षर केले. ती रांग चुकीची आहे हे कळते ते तिकडची अपेक्षा इकडे घेऊन आलेल्यालाच, आणि तोच थांबतो, आणलेली अपेक्षा बाजूला ठेवतो, ती अक्षरे पुसतो आणि नव्या मांडणीत पुन्हा आरंभ करतो.